गर्दीतली बाई : रस्त्यावरच्या गुन्ह्यांतील स्त्रियांचे जगणे आणि तगणे

सोलापूरच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी इतक्या वेळा येते, की तिचा साचाच ठरून गेला आहे : बस स्थानकावर गाडीत चढताना गर्दीचा फायदा घेऊन अज्ञात महिलेने गळ्यातील गंठण लंपास केले. तोळे बदलतात, फिर्यादीचे गाव बदलते, वाक्य मात्र तेच राहते. या वाक्यात दोन बायका आहेत. फिर्याद देणाऱ्या बाईचे नाव, वय, गाव आणि ती कोणत्या कार्याला निघाली होती हेही आपल्याला कळते. दुसरी बाई 'अज्ञात' असते. पुढे कधी ती सापडली, तर तिचेही नाव आणि वस्ती छापून येते, आणि वाचणाऱ्याने त्यावरून जात ओळखावी अशी सोयही कित्येकदा आपोआप झालेली असते. ती त्या फलाटावर कशी पोचली, चोरलेल्या सोन्यातून तिच्या हाती किती पडले, ती पकडली गेल्यावर तिच्या पोरांकडे कोणी पाहिले आणि सुटल्यावर ती पुन्हा त्याच फलाटावर का आली, याबद्दल मात्र दोन्ही बातम्यांत काही नसते.

आधी विषयाची हद्द ठरवून घेऊ. रस्त्यावरचे गुन्हे म्हणजे इथे गर्दीतली चोरी, दुकानातील हातचलाखी, चोरीचा माल लपवून ठेवणे किंवा पोचवणे, हातभट्टीच्या दारूची किरकोळ विक्री आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाईक शोधल्याबद्दल होणारी कारवाई. यांत शस्त्र जवळजवळ नसतेच, मारहाण क्वचित असते, आणि रक्कम बहुधा लहान असते. भारतातील तुरुंगांत असलेल्या शंभर कैद्यांमध्ये स्त्रिया साधारण चारच असतात. संख्या इतकी थोडी असल्यामुळे या बायकांचा विचार करून पोलीस ठाणी, न्यायालये किंवा तुरुंग यांची रचना झालेली नाही, आणि त्याचे परिणाम पुढे दिसतील.

चोरी झालेल्या बाईचे नुकसान लहान असते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, आणि तिच्या स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे जे काही असते ते गळ्यात असते. भिशीचे पैसे साठवून केलेले दोन तोळ्यांचे गंठण गेले, की घरातले पहिले वाक्य बहुधा 'तुला सांभाळता आले नाही का' हेच असते. चोरणारी आणि जिचे चोरले गेले ती, अशा दोघींच्याही आयुष्यात अडीअडचणीला उभे राहणारे एकमेव भांडवल म्हणजे हे सोनेच असते, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

सोलापूरच का

शहराचा नकाशा पाहिला तर निम्मे उत्तर मिळते. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात पोचली, आणि आज पुणे-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग, विजयपूरकडे जाणारा रस्ता आणि मुंबई-चेन्नई लोहमार्ग इथे एकमेकांना भेटतात. त्यात देवस्थानांचे कडे : एकीकडे पंढरपूर, एकीकडे अक्कलकोट, एकीकडे तुळजापूर, आणि शहराच्या पोटात सिद्धेश्वराचे तळे आणि मंदिर. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आपली गड्ड्याची जत्रा भरते. पंढरपुरात चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार वाऱ्या होतात. देवदर्शनाला निघालेली बाई दागिने घालूनच निघते आणि गर्दीत उभी राहते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे तिकीट लागू झाल्यावर फलाटावरची बायकांची गर्दी किती वाढली, हे रोज प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारावे. बायकांच्या या दाटीत एका बाईचा दुसऱ्या बाईला धक्का लागला तर कोणी वळून पाहत नाही. तोच धक्का पुरुषाचा असता तर आरडाओरडा झाला असता. या धंद्यात बाईचे बाई असणे हेच मोठे हत्यार ठरते ते इथे.

उरलेले निम्मे उत्तर इतिहासात आहे, आणि तो भाग सोलापूरकरांना अर्धवट माहीत असतो.

सेटलमेंट नावाचा पत्ता

रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहणारे बंजारा, जात्याला टाकी लावून देणारे टकारी, टोपल्या विणणारे कैकाडी, शिकारीवर जगणारे पारधी असे अनेक समाज फिरतीवर पोट भरत होते. आगगाडी आली, मिठावर कर आला, जंगलांवर सरकारी पहारा बसला आणि या फिरत्या धंद्यांचा पाया खचला. त्याच सुमारास, १८७१ मध्ये, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखाद्या माणसाने काही केले आहे की नाही हे न पाहता, तो ज्या जमातीत जन्मला त्या जमातीमुळेच त्याला गुन्हेगार मानण्याची मुभा या कायद्याने दिली. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला.

त्यानंतर सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत, म्हणजेच 'सेटलमेंट', उभी राहिली. मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी ती एक होती. आतल्या लोकांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, बाहेर जायला परवाना लागे, आणि कामासाठी त्यांना कापडगिरण्यांत धाडले जाई. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून शहरात गिरण्या वाढत गेल्या होत्या आणि त्यांना स्वस्त, पळून न जाणारे मजूर हवे होते, हा योगायोग मानायला मी तयार नाही. हजेरी पुरुषांबरोबर बायकांनाही होती, आणि लेकरू जन्मले की तेही त्याच नोंदवहीच्या सावलीत वाढत असे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. कागदावर तो जमातीऐवजी व्यक्तीला लागू होणारा होता, तरी ज्यांची नावे आधीच पोलिसांच्या वह्यांत होती त्यांच्यासाठी फारसे काही बदलले नाही. शहरात आजही 'सेटलमेंट' हा भाग आहे आणि सेटलमेंट फ्री कॉलनी हा तिथल्या लोकांचा टपालाचा पत्ता आहे. त्या पत्त्यावरून शिक्षक, कारकून, वकील, नगरसेवक झालेली कितीतरी माणसे आहेत; आणि तोच पत्ता सांगितल्यावर भाड्याने खोली देताना आजही घरमालक थोडा थांबतो. मी हा इतिहास इतका लांबवला, कारण पुढे ज्या बायकांविषयी लिहितो आहे त्यांतील सगळ्या या समाजांतल्या नाहीत, आणि या समाजांतल्या बहुसंख्य बायकांचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नाही. मात्र चोरी झाली की चौकशी कुठून सुरू होते, याचे उत्तर अजून त्या जुन्या वहीत आहे.

एकरकमी पैशाची गरज

गरिबीमुळे बायका गुन्हा करतात, हे उत्तर खोटे नाही. ते अपुरे आहे. सोलापुरात गरीब बायका लाखांनी आहेत, आणि त्यांतील बहुतेक बिड्या वळतात, टॉवेलांना शिलाई मारतात, धुणीभांडी करतात, उसाच्या फडात जातात. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की रोजच्या मजुरीने कोणती गरज भागत नाही.

विडी कामगार बाईचा दिवस पाहा. मजुरी हजार बिड्यांवर मोजली जाते. पाने भिजवणे, कापणे, वळणे, दोरा बांधणे यात दिवस जातो. पान खराब निघाले तर नुकसान तिचे, आणि देताना 'छाट' म्हणून काढलेल्या बिड्यांची मजुरी बुडते ती वेगळीच. या मजुरीतून रोजचा बाजार येतो. पण घरात एकदम पैसे लागण्याचे प्रसंग येतात : नवऱ्याचे ऑपरेशन, मुलीचे लग्न, खोलीची अनामत, दिराचा जामीन. असा प्रसंग आला की पगारदार माणूस बँकेत जातो, आणि ही बाई सावकाराकडे, बचत गटाकडे, नाहीतर दर आठवड्याला दारात येऊन बसणाऱ्या फायनान्सच्या माणसाकडे जाते. हप्ता चुकू लागला की पहिले कर्ज फेडायला दुसरे काढले जाते. अशा अवस्थेत नात्यातली एखादी बाई म्हणते, 'चल माझ्यासंगं, दोन दिवसांचं काम आहे.' रस्त्यावरच्या चोरीकडे ओढले जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हे आहे : एकरकमी पैसा देणारे दुसरे काम तिच्या आवाक्यात नसते.

दुसरे कारण वेळेचे. जत्रेचे चार दिवस, लग्नसराईचे दोन महिने, बाजाराचा वार एवढ्या काळापुरते हे काम असते. बाकीचे दिवस घर आणि पोरे सांभाळता येतात. तिसरे कारण नवरा. तो व्यसनी असेल, सोडून गेलेला असेल किंवा स्वतःच आत असेल, तर घराचा भार तिच्यावर येतो. आणि तो धंद्यात असेल, तर त्याच्या धंद्यातला सर्वांत उघड्यावरचा भाग तिच्याकडे येतो.

आता मिळकतीचा हिशेब. पुढचे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, चोरलेल्या गंठणाची बाजारातील किंमत १ लाख रुपये आहे. पावती नसलेले सोने घेणारा माणूस स्वतःची जोखीम वजा करून ४० हजार देतो. त्यातून गाडीभाडे आणि राहण्याचा खर्च जातो. सोबत तिघी असतील तर तीन वाटे पडतात. तिच्या वाट्याला आलेल्या १२ हजारांतून मागच्या केसच्या वकिलाचे राहिलेले पैसे आणि तिने आधीच घेतलेली उचल कापली जाते. हातात येतात ४ किंवा ५ हजार. लाखाच्या चोरीचे कलम मात्र तिच्या नावावर लागते, कारण हात तिचा होता. सोने वितळवणारा बहुधा दुकानात बसलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत तपास पोचेलच असे नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, हे इथे सांगून ठेवतो.

तगण्याच्या रीती

या बायका स्वतःला कशा सांभाळतात, हे पाहिले की त्यांच्या बहुतेक रीती आपल्याला ओळखीच्या वाटतात, कारण मोलमजुरी करणाऱ्या कोणत्याही बाईच्या त्याच रीती असतात.

पहिली रीत म्हणजे नात्यातल्या बायकांबरोबर राहणे. सासू, जाऊ, नणंद, मावशी अशा दोघी-तिघी मिळून निघतात. एकीवर प्रसंग आला तर दुसरी घरी निरोप पोचवते, तिसरी पोरांना घेऊन निघून जाते, आणि परगावी मुक्कामाला पुरुषांपासून संरक्षणही मिळते. ज्या बाईला नाते नाही तिची अवस्था वाईट असते : तिला एखाद्या पुरुषाच्या आश्रयाला जावे लागते आणि त्याची किंमत पैशापेक्षा जास्त पडते. पण कायदा या रीतीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११२ मध्ये 'किरकोळ संघटित गुन्हा' असा नवा प्रकार आला. टोळीने किंवा गटाने केलेली चोरी, खिसेकापूपणा, दुकानातील चोरी यांना त्यात किमान १ वर्ष आणि जास्तीत जास्त ७ वर्षे शिक्षा आहे. एकटीने केलेली साधी चोरी ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहे. थोडक्यात, जावा-जावांनी एकमेकींना दिलेला आधार आरोपपत्रात 'टोळी' होऊ शकतो.

दुसरी रीत दिसण्याची. फाटक्या लुगड्यातल्या बाईवर वाहकाची नजर असते. म्हणून नीट नेसलेली साडी, हातात पिशवी, कपाळाला कुंकू, लग्नाला निघाल्यासारखा थाट. फसवणुकीचा भाग यात आहेच. शिवाय वेशावरून माणसाची पत ठरवण्याची आपली सवयही आहे, आणि त्या सवयीचा ही बाई उपयोग करून घेते.

तिसरी रीत कडेवरच्या लेकराची, आणि याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पोर सोबत ठेवले की संशय येत नाही, असे पोलीस सांगतात, आणि ते खोटे नाही. पण अंगावर पिणाऱ्या पोराला ठेवायचे कोणाकडे, हाही प्रश्न आहे. उसाच्या फडात आणि बांधकामावरही पोरे अशीच आईसोबत असतात. कडेवरचे मूल आणि कामाला लावलेले मूल यांत कायदा फरक करतो, आणि तो करायलाच हवा. मुलाला गुन्हा करण्यासाठी कामाला लावले, तर न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे ३ ते १० वर्षांची शिक्षा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला 'हात बारीक आहे' म्हणून पुढे करणारी बाई आपल्याच पोरीच्या आयुष्यात तेच वर्तुळ सुरू करते, आणि तिथे माझी सहानुभूती मला आवरती घ्यावी लागते.

चौथी रीत नावे बदलण्याची. पकडल्यावर वेगळे नाव सांगायचे, म्हणजे मागच्या केसशी जोड लागत नाही. शिक्षेच्या दृष्टीने यात अर्थ आहे, कारण चोरीत दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर किमान १ वर्षाची सक्तमजुरी होते आणि कमाल मर्यादा ५ वर्षांवर जाते. पण बोटांचे ठसे आणि छायाचित्रे जुळवण्याच्या काळात ही युक्ती फार दिवस चालत नाही, आणि तिची किंमत भलत्याच ठिकाणी मोजावी लागते. शिधापत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, न्यायालयाच्या कागदावर तिसरे. मग घरकुल, मुलीचा शाळेचा दाखला, दरमहा १५०० रुपयांची लाडकी बहीण योजना, सगळीकडे कागद अडतो.

याशिवाय पोलिसांशी जमवून घेण्याची एक रीत आहे. वस्तीवर पोलीस आले की कोणत्या बाईने पुढे होऊन बोलायचे, हे ठरलेले असते. ती पुरुषांना वेळ मिळवून देते, समोरच्याचा राग ओळखते, कधी एखादी खबर देऊन स्वतःच्या घरावरचे संकट टाळते. खबर देणारी बाई दोन्हीकडून संशयाखाली राहते. कोणत्याही चोरीनंतर वस्तीतल्या 'रेकॉर्डवरील' बायकांना बोलावून बसवून ठेवणे, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी चॅप्टर केस करणे, हे ज्यांच्या वाट्याला वारंवार येते, त्या काही न करताही दिवसाची मजुरी गमावतात. आणि मजुरी गेली की पुन्हा उचल घ्यावी लागते.

भट्टीवरचे घर

हातभट्टीचा धंदा चोरीपेक्षा वेगळा आहे, कारण तो घरातून चालतो. गूळ आणि नवसागर घालून रसायन आंबवणे आणि भट्टी लावणे हे काम बहुधा पुरुषांचे. दारात बसून ग्लासाने विक्री करणे, उधारी लिहून ठेवणे आणि झिंगलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर काढणे हे बाईचे. छापा पडला की पुरुष माळाने पळतात. चुलीपाशी पोर घेऊन बसलेली बाई पळू शकत नाही, म्हणून दारूबंदी कायद्याच्या गुन्ह्यात तिचे नाव जाते. तिला जामीन लवकर मिळतो हेही घरात सगळ्यांना ठाऊक असते, आणि मग तिचे पकडले जाणे हा धंद्याचा ठरलेला खर्च होऊन बसतो.

सोलापूर शहराजवळचा मुळेगाव तांडा या धंद्यासाठी बदनाम होता. सप्टेंबर २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले. सतत छापे घालणे हा त्यातला जुना भाग होता. नवा भाग असा, की दारू गाळणारी गावे अधिकाऱ्यांकडे वाटून दिली गेली, घरोघरी जाऊन समुपदेशन केले गेले आणि पर्यायी कामासाठी प्रशिक्षण, कर्ज, सरकारी योजना यांची जोड घालून देण्याचा प्रयत्न झाला. मला यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की घराचा हिशेब कोण सांभाळते हे या मोहिमेने ओळखले. धंदा बंद कर म्हणताना दुसऱ्या दिवशीच्या पैशाचे काय, या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते, आणि तो प्रश्न नेहमी बाईच विचारते. अशा मोहिमा अधिकाऱ्याच्या बदलीनंतर कितपत टिकतात, ही शंका मात्र तांड्यावरच्या कोणालाही पडेल.

सार्वजनिक जागी गिऱ्हाईक शोधणाऱ्या बायकांविषयी थोडक्यात. प्रौढ बाईने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, दलाली आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला बोलावणे हे १९५६ च्या कायद्याप्रमाणे गुन्हे आहेत. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या प्रौढ बाईला छाप्यात अटक करू नये आणि तिचा छळ करू नये. स्थानकाच्या आसपास उभ्या राहणाऱ्या बाईला हा निर्णय ठाऊक असणे आणि तिथल्या हवालदाराला तो ठाऊक असणे, या दोन्ही गोष्टी अजून व्हायच्या आहेत.

पकडल्यानंतर

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन करावी लागते. अंगझडती बाईनेच, सभ्यतेची मर्यादा पाळून घ्यायची असते. साक्षीदार म्हणून चौकशीला तिला ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जावे लागते. २४ तासांच्या आत न्यायालयापुढे उभे करावे लागते. साध्या चोरीसारख्या ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हाच एक मार्ग नसतो, नोटीस देऊन हजर राहायला सांगता येते. पहिलाच गुन्हा असेल, चोरी ५ हजारांच्या आतली असेल आणि वस्तू परत केली असेल, तर शिक्षा म्हणून तुरुंगाऐवजी समाजसेवा सांगितली आहे. याउलट प्रवासी वाहनातून वस्तू चोरल्यास ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे हात फलाटावर चालला की गाडीत, या दोन पावलांच्या फरकाने कलम बदलते.

कायद्यात बाईला जामिनासाठी सवलत आहे, आणि तरीही बायका आत अडकून राहतात. त्याचे कारण जामीनदार. न्यायालय जामीन मंजूर करते; मग लागतो तो स्थानिक, ऐपतदार माणूस, ज्याच्याकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणि ऐपतीचा दाखला आहे. पालात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला असा माणूस कोण मिळणार? नवरा आत असला की बायको न्यायालयाच्या पायऱ्या झिजवते, डबा पोचवते, दागिना गहाण टाकते. बायको आत गेली की पुरुष तेवढ्या खेपा घालत नाहीत, हे न्यायालयाच्या आवारात एक दिवस काढला तरी दिसते. शेवटी जामिनाची सोय लावतो तो तिला धंद्यात आणणाराच, आणि तो खर्च तिच्या नावावर उचल म्हणून चढतो. ती बाहेर येते ती कर्ज घेऊन, आणि ते फेडायला तिला पुढची जत्रा गाठावी लागते. वर विचारलेल्या 'पुन्हा त्याच फलाटावर का' या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते.

यावर दोन उपाय कागदावर आहेत. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामीन मंजूर होऊन आठवड्याभरात कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात हमी भरली गेली नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जिच्यात कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, कैद्याच्या जामिनासाठी सुरुवातीला ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती.

मूल ६ वर्षांचे होईपर्यंत आईसोबत तुरुंगात राहू शकते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांच्या आहार, शिक्षण आणि आरोग्याविषयी नियम घालून दिले. सात वर्षांच्या मुलाचे काय, हे नातेवाइकांवर किंवा बालकल्याण समितीवर सोडलेले असते. आई चार महिने आत असताना पोरगी शाळेतून निघते आणि धाकट्यांना सांभाळत घरी बसते. नंतर ती शाळेत परत गेलेली क्वचितच दिसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध दिलेल्या निकालात विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मजात सराईत समजण्याची तुरुंग-नियमांतील भाषा घटनाबाह्य ठरवली, आणि त्यांना मनमानीपणे अटक होऊ नये याची काळजी घेण्यास पोलिसांना बजावले. १८७१ पासून मोजले तर हा निकाल यायला १५३ वर्षे लागली.

सुटका

धंद्यातून बाहेर पडणाऱ्या बायका असतात, आणि पुष्कळ असतात. बऱ्याच जणींना वय बाहेर काढते : डोळे मंदावतात, गुडघे दुखतात, धावपळ झेपत नाही. काहींना मुलीचे लग्न बाहेर काढते, कारण चांगल्या घरी मुलगी द्यायची तर आईचे नाव वर्तमानपत्रात येऊन चालत नाही. काहींची मुले तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीसारख्या निवासी शाळांत शिकली आणि त्यांनी आईला थांबवले.

वाटेत अडणाऱ्या गोष्टी मात्र फार साध्या असतात. उचल फिटल्याशिवाय सोडायचे नाही असे ठरवणारे थोरले असतात, आणि काही ठिकाणी त्यांच्या मागे जातपंचायतीचा दंड आणि वाळीत टाकण्याची भीती असते. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने गुन्हा आहे. कागदांची अडचण त्याहून मोठी. विमुक्त जातीचा दाखला काढताना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जिची आजी त्या वर्षी तीन जिल्ह्यांत पाल टाकून राहिली, तिने कोणत्या गावच्या तलाठ्याकडे जायचे? २००८ मध्ये अहवाल देणाऱ्या बाळकृष्ण रेणके आयोगाने आणि पुढे भिकू इदाते आयोगाने दाखले, शिधापत्रिका आणि घर नसण्याचा हा प्रश्न सविस्तर नोंदवला आहे.

घर मिळाले की काय होते, याचे उदाहरण सोलापुरातच आहे, जरी ते वेगळ्या बायकांचे आहे. कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरे उभी राहिली, आणि शेजारच्या रे नगरात असंघटित कामगारांच्या ३० हजार घरांपैकी १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. नावावर घर असलेली विडी कामगार बाई न्यायालयात दुसऱ्याची जामीनदार म्हणून उभी राहू शकते. सेटलमेंटच्या मागच्या गल्लीतल्या बाईकडे त्यासाठी लागणारी घरपट्टीची पावती नसते.

ज्या बाईवर गुन्हा दाखल झाला आहे तिला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा लागतो, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करून बाईचे नाव, पोलीस ठाणे आणि गुन्हा क्रमांक सांगावा लागतो. गुन्हा क्रमांक ठाऊक नसेल तर अटकेची तारीख सांगावी. हा फोन घरातल्या कोणीही केला तरी चालतो.